अकरा रुपयांची माळ : डहाणू ते रेवदंडा, पाच दिवस

माझे वडील रेवदंड्याला सोनारकाम करीत. त्यांच्यामागे कपाट आवरताना बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात चांदीच्या अकरा रुपयांची एक माळ निघाली. प्रत्येक रुपयाला राजाच्या मुकुटावर डाख देऊन नाके बसवलेले होते, नाक्यांतून काळा दोरा ओवलेला होता आणि दोन रुपयांच्या मध्ये काचेचे दोन-दोन लाल मणी होते. दहा रुपये पाचव्या जॉर्जचे आणि एक सहाव्या जॉर्जचा, १९४४ सालचा. जुना रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि बारापैकी अकरा भाग चांदीचा असे; १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, त्यामुळे तो अकरावा रुपया कडेला झिजून किंचित पिवळट दिसत होता. माळेला गुंडाळलेल्या चिठ्ठीवर वडिलांच्या अक्षरात एवढेच होते : ‘माळ, नग ११, रु. ४०, डोंगराकडची, ज्येष्ठ सन ७१.’

म्हणजे हे न सुटलेले गहाण होते. डोंगराकडची कोण, कातकरीण की ठाकरीण, हे चिठ्ठीवर नव्हते, आणि ज्या माणसाने कधी मोड, म्हणजे वितळवायचा जुना दागिना, घेतली की संध्याकाळपर्यंत ती मुशीत घातल्याशिवाय सोडली नाही, त्याने ही माळ पन्नास वर्षे का ठेवली, हेही नव्हते. आदिवासी बायकांचे दागिने मी लहानपणापासून पाहिलेले होते, पण तराजूच्या अलीकडून. ते अंगावर असताना कसे दिसतात हे पाहावे, म्हणून चैत्रात हा प्रवास ठरवला. सोबतीला माझी आतेबहीण होती. तिने डहाणू तालुक्यात परिचारिका म्हणून आयुष्य काढले असून तिथल्या पाड्यांवर तिला अजूनही सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. तिच्याशिवाय यातले निम्मेही घडले नसते.

माळ घरीच ठेवली आणि तिचे फोटो फोनमध्ये घेतले. जत्रेच्या दिवसांत पिशवीत चांदी घेऊन फिरू नये.

पहिला दिवस : डहाणू आणि चिंचणी

विरारहून सुटणारी लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळे मुंबईच्या बाजूने येणाऱ्यांना वेगळ्या आरक्षणाची गरज उरलेली नाही. मात्र दोन गाड्यांमधले अंतर बरेच असते. वेळापत्रक पाहूनच निघावे. आम्ही सकाळी दहाला उतरलो तेव्हा फलाटावरच चिकूच्या टोपल्यांचा वास येत होता. इथल्या घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. स्टेशनाबाहेर घेतलेल्या चिकूंनी आमची न्याहारी झाली.

दागिन्यांच्या शोधाची सुरुवात मी मुद्दामच आदिवासी पाड्यावरून न करता चिंचणीहून केली. चिंचणी आणि आसपासच्या किनारी गावांत दागिन्यांचे ठसे कोरण्याचा धंदा घरोघरी चालतो. तिथे ठसा हा शब्द फारसा ऐकू येत नाही, सगळे ‘डाय’च म्हणतात. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी आणि खोल कोरायची. मग सोन्याचांदीचा पातळ पत्रा त्यावर ठेवून दाबला की नक्षी सुलटी आणि उठावदार येते. इथले ठसे मुंबईच्या झवेरी बाजारात तर जातातच, पण दूरदूरच्या शहरांतले कारागीरही ते मागवतात.

ज्या घरी आम्ही गेलो तिथे ओटीवरच कारखाना होता. साठीच्या पुढचे एक काका डोळ्याला भिंग लावून बसले होते आणि पंखा बंद होता. एप्रिलच्या दमट उकाड्यात पंखा बंद का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “वाऱ्याने कीस उडून डोळ्यात जातो. घाम पुसता येतो, डोळा पुसता येत नाही.” त्यांच्यापुढे वाटाण्याएवढ्या पानाचा ठसा होता. एका शिरेवर त्यांनी छिन्नीचा हलका ठोका मारला, फुंकर घातली, भिंगातून पाहिले, पुन्हा ठोका मारला. अर्ध्या तासात त्या पानाच्या तीन शिरा झाल्या. काम कसे उतरले हे पाहायला त्यांनी मेणबत्तीचे मऊ मेण ठशावर दाबून उचलले, तेव्हा माझ्या तळहातावर जे पान आले त्याच्या शिरा बोटाला जाणवत होत्या.

इथले वारली ज्या वस्तू घालतात त्यांचा एखादा ठसा आहे का, असे मी विचारले. काकांनी खालच्या खणातला गंजलेला ढीग उपसून जोडव्याचा एक ठसा काढला, त्यावर मासोळी होती. त्यांच्या वडिलांनी तो कोरला होता आणि कित्येक वर्षांत तो कोणी मागितलेला नव्हता. “त्यांचा दागिना जाड असायचा,” ते म्हणाले. “ठोकून केलेला, भरीव. डायचे काम पातळ पत्र्याचे. पातळ त्यांना चालायचे नाही, मोडताना वजन भरत नाही ना.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले, कारण वडील नेमके हेच उलट्या बाजूने सांगत. डोंगराकडून आलेल्या चांदीत पोकळ काही नसते, असे ते म्हणत. ज्याला अडीनडीला वजनावर विकायचे आहे, तो घडणावळीवर पैसे घालत नाही. शहरातल्या प्रदर्शनांत ‘ठसठशीत’, ‘रांगडा’ अशी विशेषणे लावून मांडलेल्या दागिन्यांचा जाडपणा मुळात हिशेबातून आलेला आहे.

परतताना माझ्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. रुपयासुद्धा ठशावरच पडतो. म्हणजे कोणत्याही सोनाराला हजेरी न लावता हजारो मैलांवरच्या राजाचे डोके एका बाईच्या गळ्यात गेले होते, आणि आमच्यासारख्या सोनाराचे काम फक्त त्या डोक्यावर नाके बसवण्यापुरते उरले होते.

संध्याकाळी डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसून ताडगोळे खाल्ले. भरती येताना वारा सुटला तेव्हा दिवसभराचा उकाडा पहिल्यांदा कमी झाला.

दुसरा दिवस : महालक्ष्मीची जत्रा

डहाणू तालुक्यातल्या विवळवेढे येथील महालक्ष्मीची जत्रा चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी सुरू होते आणि सुमारे पंधरा दिवस चालते. देवीच्या मागे जो उंच सुळक्याचा गड दिसतो, त्यावर ध्वज लावण्याचा मान वाघाडी गावाच्या पुजाऱ्याकडे आहे. मंदिर मुंबई–अहमदाबाद महामार्गाला लागूनच आहे. चारोटी नाक्यावर उतरून गुजरातच्या दिशेने चार-पाच किलोमीटर जावे लागते. जत्रेत सकाळी आठच्या आत पोहोचावे. अकरानंतर ऊनही सोसत नाही आणि गर्दीत पाऊलही पुढे पडत नाही.

वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा असे सगळेच समाज इथे येतात. वर्षाची खरेदी इथेच होते : मिरची, सुकी मासळी, मडकी, टोपल्या, कपडे. दागिन्यांच्या ओळी देवळाच्या पुढे लागलेल्या होत्या. पहिल्या तीस-चाळीस दुकानांत प्लॅस्टिकच्या पिना, टिकल्या आणि सोन्याचा मुलामा दिलेले हार होते, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलींची झुंबड तिथेच होती. त्यांच्या आज्या मात्र त्या ओळीच्या शेवटी, जमिनीवर पोते पसरून बसलेल्या विक्रेत्यांपाशी उकिडव्या बसल्या होत्या. तिथे जोडवी, मासोळ्या, वाळे, वाक्या, कानातल्या बाळ्या आणि काळ्या, पांढऱ्या, निळ्या बारीक मण्यांच्या लडी होत्या.

लडी वजनावर नसून मुठीवर विकल्या जात होत्या. “यूपीचा माल,” विक्रेता म्हणाला. उत्तर प्रदेशात हाथरसजवळचे पुरदिलनगर आणि वाराणसी ही काचमण्यांची जुनी ठिकाणे आहेत. डहाणूच्या डोंगरातल्या बाईच्या गळ्यातला ‘पारंपरिक’ मणी गंगा-यमुनेच्या मुलखातल्या भट्टीत पडलेला असतो. त्यात काही विशेष नाही. मणी विकतच घ्यायची वस्तू आहे. तो ओवायचा कसा, कोणत्या रंगाशेजारी कोणता घ्यायचा आणि गळ्यात कुठवर आणायचा, एवढेच बाईच्या हातचे असते.

एका पोत्यापाशी नऊवारी लुगडे गुडघ्यापर्यंत नेसलेल्या एका आजीबाई जोडवी पाहत होत्या. त्यांनी एक जोडवे उचलून डोळ्यांजवळ नेले, जिभेचे टोक लावले आणि शेजारच्या दगडावर टाकले. आवाज बद्द आला. त्यांनी ते पुन्हा पोत्यावर ठेवून दुसरे उचलले. तेही बद्द वाजले. तिसऱ्याला त्यांनी दगडावर टाकलेच नाही. नुसते तळहातावर उडवून पाहिले आणि हसून विक्रेत्याच्या पुढ्यात सरकवले. “चांदी नाय,” त्या म्हणाल्या. विक्रेत्याने मुळीच वाद घातला नाही. “आजी, चांदी आता इथे कोण आणतो? हे व्हाइट मेटल आहे,” तो म्हणाला. आजीबाईंनी मग तेच जोडवे चाळीस रुपयांना घेतले. चांदी नाही हे माहीत असणे आणि चांदीच्या भावाने न घेणे, एवढेच त्यांना हवे होते.

आणि माझे काय झाले? सोनाराची मुलगी म्हणून मिरवणाऱ्या मी, दोन ओळी पलीकडे, एका गोड बोलणाऱ्या माणसाकडून भाचीच्या बाळासाठी वाळ्यांचा जोड ‘जुन्या चांदीचा’ म्हणून साडेआठशे रुपयांना घेतला. दगड जवळ नव्हता आणि जिभेला लावायची लाज वाटली. चौथ्या दिवशी घामाने त्यावर हिरवट डाग उमटले : जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल, चांदी नावापुरतीसुद्धा नाही. जत्रेतून चांदी म्हणून काहीही घेणाऱ्याने सोबत कसोटी ठेवावी किंवा आजीबाई ठेवाव्यात.

दुपारी एका मांडवात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण खाल्ले. कालवण इतके तिखट होते की आतेबहिणीने तीन ग्लास ताक संपवले. बाहेर महामार्गावरून ट्रक जात होते आणि झाडाखाली एका म्हाताऱ्याचा तारपा वाजत होता.

तिसरा दिवस : गंजाडकडचा एक पाडा

आतेबहिणीने जिची पहिली बाळंतपणे केली होती, त्या बाईच्या मुलीचे लग्न होते. गंजाड परिसरातला हा पाडा साग आणि ताडाच्या झाडांत दडलेला होता. गंजाडजवळच्याच पाड्यावर जिव्या सोमा म्हसे राहत. त्यांच्या हातून वारली चित्रे घराच्या भिंतीवरून कागदावर आली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते वारले. त्यापूर्वी हे काम बायकांचे होते आणि लग्नाचा चौक आजही सवाशिणीच लिहितात. ‘काढतात’ असे कोणी म्हणत नाही, ‘लिहितात’ असेच म्हणतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहून झालेला होता. चौकाच्या मध्ये पालघट देवी, आणि तिच्या भोवती सूर्य, चंद्र, शिडी आणि फणी. मी बराच वेळ ती फणीच पाहत राहिले. वारली चित्रातली माणसे दोन त्रिकोणांची असतात, आणि त्यातली बाई ओळखायची ती अंबाड्यावरून. गळ्यात माळ, हातात बांगड्या, पायात तोडे यांतले क्वचितच काही दिसते. पूर्ण चौकात शृंगाराची म्हणावी अशी एकच वस्तू होती, आणि ती विकायला गेले तर कोणी पै देणार नाही अशी, लाकडाची.

नवरी अठरा-एकोणीस वर्षांची होती. तिच्या अंगावर डहाणूहून आणलेला पूर्ण ‘सेट’ होता : खोट्या सोन्याचा हार, बिंदी, कंबरपट्टा. मला तो आवडला नाही, हे कबूल केले पाहिजे. पण तो न आवडण्याचा अधिकार मला कोणी दिला, हा प्रश्नही तिथल्या तिथेच पडला, कारण ती त्यात खरोखर खूश होती आणि आरशाचा एक तुकडा मैत्रिणींकडून हिसकावून पुन्हा पुन्हा पाहत होती. त्या सेटच्या आत, गळ्याला चिकटून, काळ्या मण्यांची साधी पोत होती. बायका तिला ‘गाठी’ म्हणत होत्या. सेट संध्याकाळी काढून ठेवायचा होता. गाठी आणि पायातली जोडवी राहणार होती.

मला जे पाहायचे होते ते नवरीच्या आजीच्या गळ्यात होते. पांढऱ्या आणि गडद निळ्या बारीक मण्यांची, तीन बोटे रुंद, जाळीसारखी विणलेली पट्टी गळ्याला घट्ट बसलेली होती आणि तिच्याखाली सैल लडी छातीपर्यंत उतरत होत्या. पट्टीत निळ्या मण्यांचे चौकोन एकाआड एक येत होते, पण डाव्या बाजूला एका जागी चौकोन मोडून आडवी रेघ झालेली होती. मी विचारले. तिथपर्यंत विणले तेव्हा निळे मणी संपले, आजी म्हणाल्या, आणि पुढच्या जत्रेत मिळाले ते जरा जाड होते. पट्टी पूर्ण व्हायला एक वर्ष लागले, त्यात मध्ये भातलावणी झाली आणि एक मूलही झाले.

चांदीचे काही होते का? होते. सासूची सरी होती, भरीव, अंगठ्याएवढी जाड. ती सावकाराकडे गेली आणि राहिली. आजींना त्याबद्दल विशेष दुःख दिसले नाही. ती गेली तेव्हा त्या स्वतः या घरात आलेल्याही नव्हत्या. त्यांच्या सासऱ्यांनी लग्नासाठी कर्ज काढले होते आणि ते फेडायला नवराबायको दोघेही सावकाराच्या वाड्यावर राबत. अशा माणसाला इथे ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी जमून वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत नाकारली, तेव्हा आजींच्या सासऱ्यांची सुटका झाली. सरीची मात्र झाली नाही.

मग आजींनी पदर सरकवून हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होते : ठिपक्यांच्या रांगा, एक विंचू, तुळस, आणि एक आकृती जी फणीही असेल किंवा शिडीही. वारा लागून कातडीला सुरकुत्या पडल्यामुळे विंचवाची नांगी वाकडी झाली होती. लग्नाआधी गोंदणारीण पाड्यावर आली, तिला शेरभर नाचणी दिली, तिने काजळीत सुया बुडवून टोचले आणि नंतर दोन दिवस हात सुजला होता. “हे कोण काढून घेणार?” आजींनी विचारले आणि माझ्या मोकळ्या मनगटाकडे पाहून त्या म्हणाल्या, “तुझ्याकडे तर काहीच नाही.” माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या मी सकाळीच काढून पिशवीत ठेवल्या होत्या, गर्दीत नको म्हणून.

फोनमधला माळेचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी मान हलवली. रुपये ओवलेली माळ जव्हारकडच्या बायकांच्या गळ्यात पाहिली आहे, पण लाल मणी असा दोन-दोन घालायची इथे रीत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

जेवायला भात, वालाची आमटी आणि सुकट होते. पाड्यावर जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. फोटो विचारल्याशिवाय काढू नये, आणि विचारून काढला तर दाखवावा. आणि अंगावरचा दागिना कितीला द्याल, असे कधीही विचारू नये. मी विचारणारच होते, तोंडापर्यंत आले होते. आतेबहिणीने पायावर पाय दिला.

चौथा दिवस : अलिबागपर्यंत

हा दिवस प्रवासातच गेला. डहाणू ते चर्चगेट, तिथून गेटवे, लाँचने मांडवा आणि पुढे अलिबाग. लाँच पावसाळ्यात बंद असतात. आमची ठरलेली खोली ऐनवेळी दुसऱ्यांना देऊन टाकलेली निघाली आणि आम्ही भर दुपारी बॅगा ओढत दुसरी शोधली, एवढेच सांगण्यासारखे.

संध्याकाळी अलिबागच्या बाजारात पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. या कांद्यालाही मानांकन मिळालेले आहे. पातीची वेणी घालून कांदे असे गुंफलेले असतात की माळ खांद्यावर टाकून नेता येते. विकणारी ठाकरीण होती आणि तिच्या गळ्यात पांढऱ्या मण्यांच्या इतक्या लडी होत्या की मान वळवताना त्यांचा आवाज होई. रायगडच्या ठाकर बायकांची ही जुनी ओळख आहे. फोटो पाहून तीही नाही म्हणाली. “आम्ही रुपये नाय घालत, आम्ही मणी घालतो,” एवढे तिने स्पष्टपणे सांगितले आणि कांद्याचा भाव मात्र एक रुपयाही उतरवला नाही.

मासळी बाजारात कोळिणींच्या अंगावर सोने झळकत होते. बाहेरचे लोक इथे हमखास गफलत करतात. किनाऱ्यावरचे सोनकोळी वेगळे, आणि अनुसूचित जमातींमध्ये मोडणारे महादेव कोळी, मल्हार कोळी वेगळे. नावात कोळी आहे म्हणून दागिना एक होत नाही. सोनकोळणीचे सोने मासळीच्या रोख पैशातून आलेले असते, आणि ती ते बाजारात घालूनच बसते.

पाचवा दिवस : रेवदंडा

अलिबागहून रेवदंडा एसटीने तासाभराच्या आत येते. आमच्या जुन्या दुकानाच्या जागी आता मोबाईलचे दुकान आहे. उंबरा तेवढा तोच आहे, मधोमध झिजलेला. पलीकडेच चौल आहे, जिथे पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी उतरला होता. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. इथल्या लोकांबद्दल त्याने काय लिहिले, तर अंग उघडे, डोके उघडे, केसांची एक वेणी. परक्या डोळ्याला आधी काय नाही ते दिसते.

कातकरीवाडी डोंगराच्या पायथ्याशी आहे. रिक्षाने अर्धा रस्ता आणि पुढे उन्हातून पायी. करवंदीच्या जाळ्या पिकायला लागल्या होत्या, त्यामुळे चालणे सुसह्य झाले. वाडीत पोहोचल्यावर पहिल्यांदा दिसली ती कुलुपे. वीस-बावीस घरांपैकी बहुतेकांना कुलूप होते किंवा दाराला काटेरी फांदी आडवी लावलेली होती. दिवाळीनंतर उचल घेऊन माणसे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, हे मला ठाऊक असायला हवे होते. कातकऱ्यांना भेटायचे असेल तर पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आधी जावे.

कातकऱ्यांचे नाव कातावरून आलेले आहे. खैराच्या लाकडापासून कात पाडणे हा त्यांचा मूळ धंदा; इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगल बंद झाले तसा तो संपत गेला आणि कोळशाच्या भट्ट्या, मग विटांच्या भट्ट्या आल्या. आज केंद्र सरकारच्या अतिअसुरक्षित आदिम जमातींच्या यादीत महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासोबत कातकरी आहेत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. उचल मात्र चालू आहे.

एका ओट्यावर एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती आणि समोर कौलाच्या तुकड्यात निळे मणी होते. कानांत पितळेच्या बाळ्या, हातात काचेच्या चार बांगड्या, गळ्यात काळी पोत. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदणाचे ठिपके. आतेबहिणीने पाणी मागितले, मग बोलणे सुरू झाले. मी सोनाराची मुलगी हे सांगितल्यावर तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि दुकान कुठल्या आळीत होते ते बिनचूक सांगितले. ‘दाढीवाला’ सोनार की ‘टोपीवाला’, एवढेच तिला विचारायचे होते. वडील टोपीवाले.

मी फोटो पुढे केला. तिने फोन उन्हातून सावलीत नेला, लांब धरला, जवळ आणला. माळ कातकऱ्यांचीच, लग्नात घालायची, असे ती म्हणाली. सगळ्यांकडे नसे, एकीची वाडीभर फिरे, ज्या घरी लग्न त्या घरी जाई. मला हे पूर्ण नवे होते. मग ती फोटोत बोटाने काहीतरी दाखवू लागली. तिचे बोट लागून चित्र मोठे झाले तशी ती दचकली, पण तिला तेच हवे होते. सहाव्या आणि सातव्या रुपयांच्या मध्ये दोन लाल मण्यांऐवजी एक लाल आणि एक काळा होता. मी ती माळ दहा वेळा हातात घेतलेली, वजन केलेली, रुपयांची साले वाचलेली, आणि मला तो मणी दिसला नव्हता.

“तुटली होती. कोणीतरी परत ओवली,” ती म्हणाली. “लाल नव्हता म्हणून गळ्यातला काळा काढून घातला.”

गळ्यातला म्हणजे पोतेतला.

“किती दिले होते?”

मी चाळीस सांगितले.

“पावसाचे तांदूळ झाले असतील,” ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारले, “ती सोडवायला आली नाही, की आली आणि तुम्ही दिली नाही?”

आतेबहीण माझ्याकडे पाहू लागली. चिठ्ठीवर तेवढे लिहिलेले नाही, असे मी सांगितले, आणि ते खरेच होते. म्हातारीने नातवाला दुसऱ्या मांडीवर घेतले. त्या काळी कोळशाच्या भट्टीसाठी मुकादम घाटावर लांब लांब नेत, गेलेली सगळीच माणसे परत येत असे नाही, ती म्हणाली. कोण कुठल्या वाडीची होती हे आता कोण सांगणार. माळ वितळवली का, हेही तिने विचारले. नाही म्हटल्यावर तिने नुसते ‘हं’ केले आणि एखाद्या लग्नाला पाठव म्हणाली, वैशाखात भट्टीवरून माणसे आली की दोन लग्ने आहेत. पाठव म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. कौलातले मणी बोटाने चाळत होती.

रेवदंड्याहून अलिबागची शेवटची एसटी कधी सुटते याची चौकशी आधी करून ठेवावी, आम्ही केली नव्हती. ऊन उतरू लागल्यावर आतेबहीण उठली. म्हातारीने मला मात्र हाताने खाली बसवले आणि सुई आणि दोरा माझ्या पुढ्यात धरला.

“तुझे डोळे सोनाराचे. ओवून दे.”

चष्मा पिशवीत होता आणि पिशवी आतेबहिणीच्या खांद्यावर, ती तोवर कुंपणापर्यंत गेली होती. तिसऱ्या खेपेला दोरा सुईत गेला.